एकतीस मेचा प्रिंटर

अंबाजोगाईत डॉक्टर म्हणवून घेणं ही सोपी गोष्ट नाही. गावात मेडिकल कॉलेज असल्यामुळे खऱ्या डॉक्टरांची वाण नाही; रिक्षातून उतरताना पाय घसरला तर उचलायला येणाऱ्या चौघांत एक तरी डॉक्टर निघतो. अशा गावात उत्तरेश्वर सरांना डॉक्टर व्हायचं होतं, आणि तेसुद्धा भूगोलाचं.

सर कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवत. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता ‘बीड जिल्ह्यातील वाढते तापमान आणि दैनंदिन जीवन’. प्रबंध इतकी वर्षं चालला होता की सुरुवातीच्या प्रकरणात जे तापमान ‘चिंताजनक’ म्हटलं होतं, ते शेवटच्या प्रकरणापर्यंत ‘आल्हाददायक’ ठरायची वेळ आली होती. सरांच्या आईनं, म्हणजे चतुराबाईंनी, मात्र गल्लीत केव्हाच जाहीर केलं होतं की पोरगा डॉक्टर होणार. कसला डॉक्टर हे तिनं विचारलं नव्हतं आणि सरांनी सांगितलं नव्हतं. त्यामुळे समोरच्या मंजुळाबाई आपला उजवा गुडघा घेऊन वाट बघत होत्या. सर दिसले की विचारायच्या, “डॉक्टर, झालं का तुमचं? गुडघा लई दुखायलाय बगा.” सर म्हणायचे, “अजून नाही, मावशी.” आणि मंजुळाबाई गुडघा पुन्हा लुगड्याखाली झाकून घ्यायच्या.

आता सगळं एका सहीवर आलं होतं. सही भागवत सरांची, म्हणजे मार्गदर्शकांची. आणि भागवत सर एकतीस मेला निवृत्त होणार होते, कारण त्यांचा जन्म एक जूनचा.

म्हणजे कागदावरचा. आपल्याकडची एक अख्खी पिढी एक जूनला जन्मलेली आहे. पोराला शाळेत घालायला नेलं की गुरुजी विचारायचे, “कधीचा हाय?” बाप सांगायचा, “ज्वारी काढायला आलती तवाचा.” ज्वारीची काढणी दाखल्यावर लिहिता येत नाही, म्हणून गुरुजी शाळा उघडायच्या सुमाराची एक जून ठोकून द्यायचे आणि पुढच्या पोराकडे वळायचे. त्या गुरुजींनी लांबचा विचार केला नाही. त्यामुळे मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी निम्मा जिल्हा एकदम निवृत्त होतो. बाजारात शाली मिळत नाहीत, हार मिळत नाहीत, आणि निरोपाचं भाषण करायला माणूस मिळत नाही, कारण जो बोलणार तोच निवृत्त होत असतो.

त्या दिवसाच्या आत सही झाली नाही, तर सरांना नवा मार्गदर्शक मिळणार होता. आणि नवा मार्गदर्शक पहिल्या प्रकरणापासून सुरुवात करणार होता, कारण तसं केलं नाही तर तो मार्गदर्शक कसला? तोवर चतुराबाई राहतील की नाही, याचा हिशेब सर रोज मांडायचे आणि अर्ध्यावर सोडायचे.

भागवत सर वाईट नव्हते. फक्त त्यांना चूक कागदावरच दिसायची. लॅपटॉपवर दाखवलं की म्हणायचे, “ह्यात सगळं बरोबरच दिसतंय, छापून आणा.” छापून नेलं की खिशातला लाल पेन बाहेर यायचा. गेल्या खेपेला स्वतःच काढलेला स्वल्पविराम ते या खेपेला परत घालायचे. प्रत्येक स्वल्पविरामासाठी सरांना भर उन्हात झेरॉक्स सेंटरवर जावं लागायचं, तिथं त्यांचेच माजी विद्यार्थी आपल्या लेकरांचे दाखले काढायला उभे असायचे, आणि त्यातला एखादा मोठ्यानं विचारायचा, “सर, अजून चालूच हाय का तुमचं?”

ज्या दिवशी हा प्रश्न एका अशा विद्यार्थ्यानं विचारला ज्याला सरांनी भूगोलात नापास केलं होतं, आणि जो आता चारचाकीतून उतरला होता, त्या दिवशी सरांनी ठरवलं की घरीच प्रिंटर घ्यायचा.

प्रिंटर घ्यायचा म्हणजे आधी आश्रुबांना विचारायचं. आश्रुबा शेजारी राहत. वीज खात्यातून वायरमन म्हणून निवृत्त झालेले, अर्थात एकतीस मेलाच. ज्याला वायर आहे ते सगळं आपल्या अखत्यारीत येतं असं ते मानत.

“शाईवाला घेऊ नका सर,” आश्रुबा म्हणाले. “उन्हाळ्यात हितं माणसाच्या तोंडाला कोरड पडती. त्या मशिनीच्या बारक्या बारक्या भोकांचं काय होईल?”

“मग लेझर घेऊ?”

“लेझर तर घेऊच नका. त्यो पेटताना असा झटका घेतो की तुमचा इन्व्हर्टर मान टाकील.”

“मग घेऊ काय?”

“घ्या की. प्रिंटर घ्यायला मी कावून नको म्हनीन?” असं म्हणून आश्रुबा चहा पिऊन गेले.

सर संशोधक होते. त्यांनी दोन्ही बाजूंचा साधकबाधक विचार केला, रात्री बायकोला वाचून दाखवला, आणि मोहिनीबाई मध्येच झोपल्या हा होकार धरून शाईवाला प्रिंटर आणला. पहिल्या दिवशी त्यानं इतकं सुंदर छापलं की सरांनी एक पान उगाचच दोनदा काढलं. मग ते मेव्हणीच्या लग्नाला पाटोद्याला गेले. लग्न, मांडवपरतणी, सासऱ्यांचा आग्रह असं करून परत येईपर्यंत बंद खोलीत प्रिंटरची शाई वाळून गेली होती. आता तो प्रत्येक ओळीचा वरचा अर्धा भाग छापी आणि खालचा वाचणाऱ्यावर सोपवी. सरांनी तशीच पानं भागवत सरांकडे नेली. भागवत सरांनी ती लांब धरून बघितली, जवळ धरून बघितली आणि म्हणाले, “उत्तरेश्वरराव, माझे डोळे तपासायचे आहेत का प्रबंध?”

आश्रुबांनी दुरुस्ती सांगितली. कोमट पाण्यानं भोकं पुसायची. सरांनी पुसली. त्यानंतर प्रिंटरनं काहीच छापलं नाही. खाली मात्र निळं पाणी सोडलं, ते टेबलावरून सतरंजीवर गेलं आणि सतरंजीवरून मोहिनीबाईंच्या लक्षात आलं.

“अहो, प्रबंध उन्हावर आहे ना तुमचा?” त्या म्हणाल्या. “मग मशीन आणताना ऊन कसं आठवलं नाही?”

यावर सरांकडे उत्तर होतं, पण ते चौथ्या प्रकरणात होतं.

दुकानदारानं तोंड वाकडं करून शाईवाला परत घेतला आणि लेझर दिला. लेझर दिसायला भारदस्त होता. सरांनी तो लावला तेव्हा लाईट नव्हती, दुपारी ती नसतेच. पहिलं पान काढायला बटण दाबताच इन्व्हर्टरनं एक लांब किंकाळी फोडली आणि पंख्यासकट सगळं बंद पडलं. पलीकडून आश्रुबांचा आवाज आला, “टाकली का मान?” त्या आवाजात दुःख अजिबात नव्हतं.

लाईट असली तरी गोष्ट सरळ नव्हती. दाब इतका कमी असे की कूलर आणि प्रिंटर एकावेळी चालत नसत. म्हणजे प्रबंध छापायचा तर घरानं उकडून घ्यायचं. सर पाचव्या प्रकरणाला बसले की चतुराबाई आणि मोहिनीबाई तिसऱ्या प्रकरणानं वारा घेत. आणि एवढं करून थोडी पानं झाली, की प्रिंटर थांबे आणि छोट्या काचेवर लिही: ‘यंत्र थंड होत आहे. कृपया प्रतीक्षा करा.’ सर घामानं निथळत त्या अक्षरांकडे बघत. या घरात थंड होण्याची सोय फक्त त्याला होती.

मग त्यांनी प्रिंटर कूलरच्या तोंडाशी ठेवला. यंत्र खूष झालं, पण कागदानं कूलरचा ओलावा धरला. पानं पापडासारखी वाकून आत जात आणि आतच राहत. सहावं प्रकरण, ‘आर्द्रतेचे परिणाम’, सरांना चिमट्यानं तुकड्यातुकड्यानं बाहेर काढावं लागलं.

शेवटी सरांमधला भूगोलवाला जागा झाला. त्यांनी कॉलेजातला तापमापक आणला आणि घराचा कोपरा न् कोपरा मोजला. सगळ्यात थंड जागा निघाली देवघरात, माठाच्या शेजारी. जिन्याखालचा तो कोनाडा चतुराबाईंच्या राज्यात होता.

“मशीन? देवाशेजारी?” चतुराबाईंनी विचारलं.

“माय, थोडेच दिवस. सही झाली की काढतो.”

“त्याच्यानं तू डॉक्टर होनार हायस का?”

“त्याच्यावाचून होणार नाही, एवढं नक्की.”

चतुराबाईंनी माठ सरकवला. सर प्रिंटर तिथं मांडून, वायर जोडून, आता एकदाचं जमलं म्हणून समाधानानं बाहेर आले आणि दाढी करायला बसले. दाढी होईपर्यंत चतुराबाईंनी आपलं कर्तव्य केलं. नवी वस्तू घरात आली की तिची पूजा होते. मोटारसायकलीची झाली होती, फ्रिजची झाली होती, गॅसच्या शेगडीची तर दर दसऱ्याला होई. हे मशीन कितीतरी दिवस घरात येऊन तसंच पारोसं बसलं होतं आणि म्हणूनच चालत नव्हतं, हे तिला दिसत होतं. शिकलेल्या माणसाला दिसत नव्हतं. तिनं त्याला हळद लावली, ठसठशीत कुंकू लावलं, वर अक्षता टाकल्या. मशीनला वरच्या अंगाला फट होती. तोंड उघडंच आहे म्हटल्यावर तिनं चिमूटभर कुंकू आणि अक्षता तिथंही वाहिल्या.

सर आले तेव्हा प्रिंटरला झेंडूचं फूल होतं.

“माय! आत काय टाकलंस का?”

“आत काय टाकीन मी? देवाला वाहिलं.”

सरांनी प्रिंटर उलटा केला. चार तांदूळ पडले. बाकीचे पडले नाहीत. बटण दाबल्यावर आतून दात खाल्ल्यासारखा आवाज आला, मग थांबला, आणि पान सुरळीत बाहेर आलं. पहिल्यांदाच न वाकता, न अडकता, न थकता. फक्त पानाच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक लाल रेघ होती.

दुसऱ्या पानावरही होती. दहाव्यावरही होती. सरांनी फुंकर मारली, कापसानं पुसलं, मोहिनीबाईंचा केस वाळवायचा पंखा लावला. रेघ फिकट झाली, पण गेली नाही. आश्रुबा बघायला आले आणि कौतुकानं म्हणाले, “कलरचा घेतला का सर?”

दुकानदार म्हणाला, उघडून साफ करावा लागेल, माणूस बीडहून येतो, जूनच्या पहिल्या आठवड्यात येईल. सरांनी मनातल्या मनात दिवस मोजले; एकतीस मे त्याच्या आधी होता. त्यांनी त्या रात्री जेवण केलं नाही, आणि चतुराबाईंनी विचारलं तेव्हा पोट बिघडलंय म्हणाले. तिला काय सांगणार? ती रोज सकाळी देवाच्या आधी त्या मशीनला हात जोडत होती.

एकतीस मे उजाडला. सरांनी शेवटची प्रत काढली आणि पाचही प्रती छातीशी धरून कॉलेजात गेले. सगळ्या पानांवर रेघ होती.

कॉलेजात निरोपसमारंभाची धांदल होती. एक जूनचे पाचजण होते. भागवत सर गळ्यात हार घालून एका टेबलाशी बसले होते आणि पेन्शनच्या कागदांवर सह्या करत होते. बाबू एकेक कागद सरकवत म्हणत होता, “हितं जन्मतारीख, हितं सही. हितं जन्मतारीख, हितं सही.” सकाळपासून तेच चालू होतं.

भागवत सरांनी बाबूचा पेन परत दिला, खिशातला लाल पेन काढला आणि प्रबंध उघडला. त्यांचा चेहरा पडला. “ही मी खोडलेली प्रत आहे, उत्तरेश्वरराव. पक्की कुठाय?”

“हीच पक्की आहे, सर.”

भागवत सरांनी पान उलटलं. आणखी उलटलं. सगळीकडे मधोमध लाल रेघ. आपण या माणसाचं सगळंच खोडून टाकलं होतं की काय, अशी शंका त्यांच्या डोळ्यांत दिसली, आणि ते थोडे घाबरले. त्यांनी रेघेवर बोट फिरवलं. बोट लाल झालं. त्यांनी ते नाकाशी नेलं. मग कुंकू लागलेलं बोट कुणी धोतराला पुसत नाही, म्हणून त्यांनी ते आपसूक कपाळाला लावलं.

“प्रबंधाला कुंकू कुणी लावलं?”

“आईनं,” सर म्हणाले. इतक्या दिवसांचं उकडणं, ती किंकाळी, ती निळी सतरंजी, सगळं त्यांनी एका दमात सांगून टाकलं.

भागवत सरांनी पाचही प्रती एकीवर एक नीट ठेवल्या. मग त्यांनी हातातल्या लाल पेनाला टोपण लावलं. “आता ह्याच्यावर मी काय चालवू हा?” ते म्हणाले. “तुमचा निळा द्या.” आणि एकही स्वल्पविराम न हलवता त्यांनी पाचही प्रतींच्या प्रमाणपत्रावर सही केली, खाली तारीख घातली, आणि सरांच्या पाठीवर हात ठेवला. उत्तरेश्वर सरांनी वाकून नमस्कार केला. डोळ्यांत पाणी असल्यामुळे त्यांना पानावरचं काही दिसलं नाही.

संशोधन विभागाच्या खिडकीत राजनंदिनी मॅडम होत्या. त्यांनी प्रत उघडली. रेघ बघितली आणि पान उलटलं. रेघेबद्दल नियम नव्हता. मग प्रमाणपत्रावर त्यांचं बोट थांबलं.

“सर, ही तारीख उद्याची हाय.”

सरांनी बघितलं. सही स्वच्छ होती. खाली भागवत सरांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, एक जून. सकाळपासून हात तेच लिहीत होता. तसा तो जन्मभर तेच लिहीत आला होता.

“उद्या भागवत सर निवृत्त झालेले असतील,” राजनंदिनी मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. “त्यांची सही चालनार न्हाई.”

“तारीख खोडली तर?”

“खाडाखोड चालत न्हाई सर. आज एका प्रतीचं तरी कोरं पान आणा, सही घ्या. खिडकी बंद हुईपर्यंत मी थांबते.”

सरांनी मोहिनीबाईंना फोन केला. “प्रमाणपत्राचं पान काढ. पटकन!” मोहिनीबाईंनी बटण दाबलं आणि काचेवरचं वाचून दाखवलं: यंत्र थंड होत आहे. कृपया प्रतीक्षा करा. पुढच्या क्षणी लाईट गेली. सर झेरॉक्स सेंटरकडे पळाले. शटर खाली होतं आणि वर चिठ्ठी होती: वडिलांच्या सेवापूर्तीनिमित्त दुकान बंद राहील. दुसऱ्या दुकानाच्या मालकाचे मामा निवृत्त होत होते. तिसरं उघडं होतं, पण तिथंही लाईट नव्हती.

सर कॉलेजात परतले तेव्हा मंडप रिकामा होता. भागवत सरांना त्यांच्या गावाकडची मंडळी हलगी वाजवत उघड्या जीपमधून घेऊन गेली होती. गाव उमापूर, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. सरांनी फोन लावला. तो उचलला गेला, पण पलीकडे नुसती हलगी होती.

“सर! तारीख! तारीख चुकलीय!” उत्तरेश्वर सर ओरडले.

“तुमालाबी शुभेच्छा!” भागवत सर तिकडून ओरडले आणि फोन बंद झाला.

सर घरी आले तेव्हा ऊन उतरलं होतं. चतुराबाई दारात ताट घेऊन उभ्या होत्या. तिनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पाण्याचा हात सरांच्या डोळ्यांना लावला आणि विचारलं, “झालास का रं डॉक्टर?”

मोहिनीबाईंनी नवऱ्याचा चेहरा बघितला आणि त्या पाणी आणायला वळल्या. सर देवघरासमोर भिंतीला टेकून बसले. उद्या नवा मार्गदर्शक, परवा पहिलं प्रकरण. आणि हे आईला सांगायचं होतं.

तेवढ्यात लाईट आली. पंखा फिरला, आणि माठाशेजारचा प्रिंटर जागा झाला. दुपारचं काम त्याच्या लक्षात होतं. त्यानं घसा साफ केल्यासारखं केलं, शेवटचा एक तांदूळ बाहेर टाकला आणि त्यामागून एक पान हळूच सोडलं. प्रमाणपत्र. पांढरंशुभ्र. रेघ नाही, सुरकुती नाही. खाली मार्गदर्शकाच्या सहीसाठी आणि तारखेसाठी सुरेख कोरी जागा.

चतुराबाईंना वाचता येत नव्हतं, पण चांगलं पान ओळखता येत होतं. तिनं ते दोन्ही हातांनी उचललं. “आलं की रं! बग, आज कसं निर्मळ आलंय. मी म्हनलंच हुतं, पूजा मानवली त्याला.” मग तिनं ताटातल्या कुंकवात बोट बुडवलं आणि पानाच्या खाली, जिथं सगळ्यात जास्त मोकळी जागा होती तिथं, एक टिळा लावला. नेमका सहीच्या जागी.

“आता झालास न्हवं?” तिनं विचारलं.

सरांनी त्या टिळ्याकडे बघितलं. मग आईकडे बघितलं.

“झालो, माय,” ते म्हणाले.

दारातून मंजुळाबाईंचा आवाज आला. पानाची बातमी त्यांना कशी लागली कोण जाणे. त्या पायरीवर बसल्या होत्या आणि गुडघा उघडा होता.

“डॉक्टर, आता तरी बगा की.”

उत्तरेश्वर सर उठले, हात धुतले आणि गुडघा बघायला बाहेर गेले.